बोंब कशी मारावी: विधी, आक्षेप आणि पथ्ये

बोंब मारायलाही शिकावे लागते, हे ऐकून मराठी माणसाला हसू येईल. महागाईपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांच्या नावाने आपण बारा महिने बोंबलतच असतो. पण सराव म्हणजे शास्त्र नव्हे. खरी बोंब फाल्गुन पौर्णिमेला, पेटत्या होळीसमोर, पालथा हात तोंडावर आपटून मारायची असते. बोटांची मागची बाजूच ओठांवर पडली पाहिजे. तळवा लावला तर माणूस जांभई झाकतोय असे वाटते. आ वासून स्वर लांबवावा आणि हाताने त्याचे तुकडे पाडावेत. मजकूर अजिबात नको. मजकूर आला की तिची तक्रार होते, आणि तक्रारीला अर्ज लागतो.

मजकूर का नको, याला आधार भविष्योत्तर पुराणाचा आहे. रघुराजाच्या राज्यात ढुंढा नावाची राक्षसी लहान मुलांना छळू लागली. शंकराच्या वरामुळे तिला देवांचे भय नव्हते, माणसांचे नव्हते, शस्त्रांचेही नव्हते. भय उरले होते ते फक्त पोरांचे. तेव्हा वसिष्ठांनी तोडगा सांगितला: मुलांनी लाकूडफाटा गोळा करून पेटवावा, त्याला तीन प्रदक्षिणा घालाव्यात, टाळ्या पिटाव्यात, हसावे आणि तोंडाला येईल ते बोलावे. जिथे सैन्याचे काही चालले नसते, तिथे पोरांचा गलका कामी आला. कारण उघड आहे. सैन्याला काहीतरी जिंकायचे असते, पोरांना काहीच नको असते. आणि ज्याला काहीच नको, त्याच्याशी तडजोड तरी कशी करणार? म्हणून सिद्धान्त असा की बोंब जितकी निर्हेतुक, तितकी गुणकारी. ज्याला काही पदरात पाडून घ्यायचे आहे, त्याने खुशाल मोर्चा काढावा.

यावर कोणी म्हणेल, शिमग्यात तर नावे घेऊन बोंबलतात, त्याचे काय? नीट कान देऊन ऐकावे. नाव शेजाऱ्याचे असते, पण बोंब जाते ती त्याच्या बैलाला. मालक नामानिराळा राहतो, बैलाला सोयरसुतक नसते, आणि हल्ली बहुतेकांकडे बैलच नसल्याने ती अपुऱ्या पत्त्याच्या टपालासारखी हवेतच फिरते. नेम चुकावा, हीच तर या रचनेतली खुबी. शिमग्याच्या नावाखाली बायाबापड्यांना रस्त्याने चालणे मुश्कील होते, हा दुसरा आक्षेप मात्र शंभर टक्के खरा आहे. पण तो आमच्याच सिद्धान्ताला बळ देतो. वाटेने जाणाऱ्या बाईवर नेम धरून सोडलेली शिवी किंवा पाण्याचा फुगा यांत हेतू आहे. ती बोंब नव्हे, तो गुन्हा आहे. त्याची सोय पोलीस चौकीत. राहिला झाडतोडीचा आक्षेप. तर बोंबेला सरपण लागत नाही. चार गोवऱ्यांची होळीही पुरते. तिची उंची वाढवतात ते बहुधा घशात दम नसलेले.

शेवटचे पथ्य सर्वांत अवघड: थांबणे. ‘शिमगा गेला, कवित्व राहिले’ हा टोमणा सण उलटल्यावरही ज्यांचे तोंड बंद होत नाही त्यांच्यासाठीच आहे. आता मोबाइलच्या कृपेने कवित्व वर्षभर चालते, तेही थेट मालकाच्या नावाने. बैलाला कोणी विचारत नाही. एका रात्रीत राख व्हायचे ते साचून राहते. म्हणून होळी विझू लागली की हात खाली घ्यावा. धुळवडीच्या सकाळी त्याच निखाऱ्यांवर आंघोळीचे पाणी तापवायची रीत आहे. ज्याच्या बैलाचा रात्रभर उद्धार केला, तोही आपला हंडा घेऊन येईल. आपला हंडा सरकवून त्याला जागा करून द्यावी. घसा बसलेला असल्याने माफी मागण्याचा प्रश्न येत नाही.