सारांशकाका

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला, की त्याच संध्याकाळी आमच्या लिफ्टमध्ये एक कागद चिकटतो : ‘सुट्टीतील मोफत वाचनालय. दुपारी ३ ते ५. सारांश अनिवार्य.’ ‘अनिवार्य’खाली लाल पेनानं दोन रेघा. मुलं ‘मोफत’पर्यंत हसत वाचतात आणि पुढे गप्प होतात.

काका बँकेतून निवृत्त झाले ते स्टँपपॅड घेऊनच. तळमजल्यावर, मीटरच्या खोलीशेजारी त्यांचं टेबल. त्यावर स्पंजची ओली डबी, टाचण्या, दोरीनं बांधलेलं पेन आणि नोंदवही. पुस्तक न्यायचं तर अर्ज आणि पालकांची सही. परत करायचं तर दहा ओळींचा सारांश, खाली तात्पर्य. ‘१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन म्हणून सगळे पुस्तक धरून फोटो काढतात,’ ते म्हणतात, ‘पण पोरांना वेळ कधी असतो? मे महिन्यात!’ हे खरंच आहे. त्या वेळातला बराचसा अर्ज भरण्यात जातो, एवढंच.

पुस्तकं मळू नयेत म्हणून सगळ्यांना खाकी कव्हर. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि बालभारती १९७१ पासून काढते त्या ‘किशोर’चे बांधलेले अंक, सगळे एकाच गणवेशात हजेरीला उभे. वर चित्र नाही, नाव नाही. फक्त दाखल क्रमांक.

‘काका, वन फोर्टी टू द्या ना.’

‘मराठीत माग.’

मुलगा धावत आजीकडे गेला, ‘एकशे बेचाळीस’ घोकत परत आला, तोवर पाच वाजून तीन मिनिटं झाली होती. काकांनी कुलूप लावलं होतं.

सारांशावर मुलांनी मुलांच्या पद्धतीनं तोडगा काढला. एकानं लिहिला, बाकीच्यांनी उतरवला. पक्ष्यांच्या माहितीच्या पुस्तकाखालीही तात्पर्य आलं : ‘यावरून आपण नेहमी खरे बोलावे.’ काकांनी ‘उत्तम’ शेरा मारला. शेजारी तारखेचा शिक्का.

पण एकदा मी मेंटेनन्सचा चेक द्यायला खाली गेलो, तर दुसरीतली एक मुलगी त्यांच्यापाशी मोठ्यानं वाचत बसली होती. ओळ सुटू नये म्हणून त्यांनी तिच्या ओळीखाली पोस्टकार्ड धरलं होतं. ‘स्वातंत्र्य’पाशी ती थबकली. ‘घाबरायचं नाही. आधी स्वा. मग तं. आता त्र्य. हं, तिन्ही एका दमात.’ तिनं म्हटलं. काकांनी पोस्टकार्ड एक ओळ खाली सरकवलं. शाबासकी नाही, शेरा नाही, शिक्का नाही. साडेपाच वाजले होते.

गेल्या मे महिन्यात अपघात झाला. फास्टर फेणेची शिवण उसवली आणि पुस्तकाचे तीन तुकडे झाले. बाद करणं काकांच्या रक्तात नाही. त्यांनी तिन्ही तुकड्यांना वेगळी खाकी कव्हरं घातली आणि क्रमांक दिले : ३१/अ, ३१/ब, ३१/क. तीन पोरांनी तीन अर्ज भरून ते नेले.

आमच्या लेकीला ‘ब’ मिळाला. पहिल्याच पानावर फेणे संकटात. तो त्यात सापडला कसा, ते चौथ्या मजल्यावर. सुटला कसा, ते बी विंगमध्ये. एरवी पाण्याची बाटली भरायला न उठणारी आमची पोर भर उन्हात दोन विंगांचे जिने चढत होती. दुपारभर जिन्यातून फेणेचं ‘ट्टॉक्!’ ऐकू येत होतं. वामकुक्षी मोडलेल्या तीन सभासदांनी सेक्रेटरींकडे तोंडी तक्रार केली.

काका हवालदिल. ‘मधला भाग आधी वाचलास? मग नोंद कुठल्या रकान्यात करू?’ तोवर तिघंही टेबलापुढे उभी राहिली आणि एकदमच गोष्ट सांगू लागली. एकमेकांना खोडत, ‘तू गप, ते माझ्या तुकड्यात आहे’ म्हणत भांडत. दहा ओळी केव्हाच होऊन गेल्या. काका पेन हातात धरून ऐकत राहिले. ‘मग? मग सुटला कसा?’ त्यांनीच विचारलं. त्या दिवशी कुलूप सव्वासहाला लागलं आणि नोंदवहीतला सारांशाचा रकाना कोरा राहिला.

यंदा एप्रिलमध्ये घरातली जुनी पुस्तकं द्यायला मी खाली गेलो. काकांसमोर एक कोरंकरकरीत साहसकथेचं पुस्तक उताणं पडलं होतं. हातात ब्लेड होतं आणि ते शिवणीचा एकेक टाका अलगद उसवत होते. मला पाहताच ब्लेड स्पंजच्या डबीमागे गेलं.

‘हल्लीची बांधणी फार कच्ची हो,’ ते म्हणाले आणि तिसऱ्या तुकड्यावर ‘क’ घातला.