म्हैसूरचे अवशेष : साहित्य आणि कृती

साहित्य : मध्यम आकाराचं एक मराठी कुटुंब. त्यात गुडघे दुखणारं एक माणूस, सगळा इतिहास माहीत असलेलं एक माणूस (आमच्या घरात ते मी) आणि दर वीस मिनिटांनी ‘आता काय?’ असं विचारणारं एक मूल. भाजणीच्या चकल्यांचा मोठा डबा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, टोप्या, जुनं वर्तमानपत्र. आणि म्हैसूरला अग्रहारात राहणारी एक मावशी. मावशी नसल्यास हॉटेल चालतं, पण चव उतरते.

पूर्वतयारी : अग्रहार म्हणजे राजाने ब्राह्मणांना वसायला दिलेली जागा, एवढं पाठ करून ठेवावं. प्रवासात कुणी ना कुणी विचारतंच. म्हैसूरचा अग्रहार राजवाड्याच्या दक्षिणेला आहे. जुन्या घरांना बाहेर ओटा असतो, त्याला तिथे जगली म्हणतात. त्या ओट्यावर सकाळी पेपर आणि संध्याकाळी राजकारण असतं, म्हणजे आमच्या मिरजेसारखंच. जवळच एकशे एक गणपतींचं देऊळ आहे. मुलाला ते मोजायला बसवावं. मोठ्यांची कॉफी निवांत होते.

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे उपाशी पोटी निघणं. म्हैसुरात सकाळच्या न्याहारीला तिंडी म्हणतात आणि तिला पर्याय नाही. मावशीने आम्हाला पहिल्याच दिवशी उंबऱ्यात अडवलं. ‘आधी तिंडी करा, मग राजे बघा. राजे कुठं पळून जात नाहीत.’ त्यानंतर इडली, मग ‘आणखी एकच’, मग डोसा. साडेदहा वाजले तेव्हा आमचं आखलेलं वेळापत्रक जगलीवरच संपलं होतं. वेळापत्रक आखूच नये, किंवा मावशीला दाखवू नये.

कन्नड तीन शब्दांपुरतं यावं. एष्टु म्हणजे किती, बेड म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे. पहिला रिक्षात, दुसरा अगरबत्तीच्या दुकानात, तिसरा मावशीच्या पंगतीत. तिसऱ्याचा काही उपयोग होत नाही.

रिक्षा अर्ध्या दिवसाच्या बोलीने ठरवावी. रिक्षा न सांगता जिथे थांबते ते स्थळ ऐतिहासिक नसतं, हे ध्यानात ठेवावं. आम्हाला अशाच एका ठिकाणी ‘फक्त बघायला’ नेलं. अर्ध्या तासाने आम्ही चंदनाचे चार हत्ती घेऊन बाहेर पडलो. घरी आल्यावर मावशीने एक हत्ती नाकाशी नेला आणि म्हणाली, ‘वास वरून लावलाय.’

राजवाडा उरकून घ्यावा. तो सुंदर आहे, पण आपला विषय अवशेषांचा, आणि हा वाडा त्या मानाने अगदी तरुण. आधीचा लाकडी वाडा १८९७ मध्ये राजकन्येच्या लग्नात जळाला. आजचा हेन्री आयर्विन नावाच्या ब्रिटिश वास्तुकाराने बांधला, तो १९१२ मध्ये पुरा झाला. रविवारी संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा फाटकासमोर उभं राहून ‘आहा’ म्हणावं, म्हणजे झालं. निघताना मात्र सयाजीराव रस्त्याच्या पाटीखाली फोटो काढायला विसरू नये. हो, बडोद्याचेच सयाजीराव. मराठी माणसाची छाती इथे दोन इंच फुगते. ती तशीच राहू द्यावी, पुढे उपयोगी पडते.

चर्च : रिक्षावाल्याला सेंट फिलोमेना म्हणावं. चर्चच्या पूर्ण नावात सेंट जोसेफही आहेत, पण त्यांना अशोका रोडवर कुणी ओळखत नाही. दोन उंच टोकदार मनोरे, प्रत्येकी १७५ फूट. पाया घातला २८ ऑक्टोबर १९३३ ला, आणि तो घातला नाल्वडी कृष्णराज वडियार या हिंदू महाराजांनी. १८४३ मध्ये आधीचं चर्च बांधून दिलं तेही त्यांच्याच घराण्यातल्या मुम्मडी कृष्णराजांनी. दारात उभं राहून कुणीतरी हे मोठ्याने सांगावं. आमच्यात ते काम माझ्याकडे असल्याने मी सांगितलं. मुलगा म्हणाला, ‘आता काय?’

हे चर्च जर्मनीतल्या कोलनच्या कॅथेड्रलवरून बेतलेलं आहे. आमच्या पिढीला कोलन हे गाव ताप आल्यावर कपाळावर ठेवायच्या घडीमुळे ठाऊक. कोलनवॉटरच्या गावात एवढी थोरली इमारत असेल असं वाटलं नव्हतं. ती बांधायला १२४८ मध्ये घेतली आणि १८८० मध्ये संपवली. आमच्या सोसायटीच्या लिफ्टबद्दल तक्रार करणाऱ्यांनी हे आकडे खिशात ठेवावेत.

आता खाली तळघरात चला. नवशिके रंगीत काचा बघून परत फिरतात आणि सगळ्यांत मजेची गोष्ट हुकते. तळघरात संत फिलोमेनेची निजलेली मूर्ती आहे. ही फिलोमेना कोण, ते जगाला १८०२ पर्यंत माहीत नव्हतं. त्या वर्षी रोमच्या प्रिसिला नावाच्या भुयारी दफनभूमीत एक थडगं उघडलं. तोंडावर तीन कौलं, त्यांवर रंगाने लिहिलेलं : लुमेना, पाक्स ते, कुम फी. काही अर्थ लागेना. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की कौलांचा क्रम चुकलाय. पहिलं कौल उचलून शेवटी ठेवलं तर होतं : पाक्स तेकुम फीलुमेना, फिलोमेना, तुला शांती लाभो. गवंड्याच्या चुकीतून जगाला एक संत मिळाली. तिचे नवस जगभर पोचले, म्हैसूरपर्यंतही. मग १९६१ मध्ये रोमनेच तिला पंचांगातून काढून टाकलं, का तर तिच्याबद्दल पुरेसा पुरावा नाही. इथल्या तळघरात याचा काही परिणाम झालेला दिसत नाही. आमच्या पुढे एक बाई डोळे मिटून मेणबत्ती लावत होत्या. त्यांच्या कपाळावर मोठं कुंकू होतं.

आमच्या गुडघेवाल्या सदस्याने इथेच जाहीर केलं की तळघराच्या पायऱ्या दोन्ही बाजूंनी चढच आहेत.

अवशेष : खऱ्या अवशेषांसाठी श्रीरंगपट्टणला जायचं. म्हैसूरहून पंधरा-सोळा किलोमीटर, चहूबाजूंनी कावेरी. इथे मावशीचे यजमान सोबत घ्यावेत. काका निवृत्त आहेत, कमी बोलतात, आणि नेमकं तिथेच बोलतात जिथे आपल्याला नको असतं.

अवशेष पाहण्याचं मूळ तंत्र असं की जे नाही ते बघता आलं पाहिजे. रंगनाथस्वामींचं देऊळ आहे, ते दिसतं, दर्शन घ्यावं. त्याच्याजवळ टिपू सुलतानाचा लाल महाल होता. आता जोतं आहे आणि गवत आहे. आम्ही गवताकडे आदराने पाहत उभे होतो, तेव्हा काका म्हणाले, ‘वाडा बघायचा तर उटीला जायला हवं.’ मला वाटलं, काकांना ऊन लागलं. पण खरंच तसं आहे. वाडा मोडला, आणि त्याची लाकडं इंग्रजांनी उटीला नेली. तिथे १८३० च्या सुमारास सेंट स्टीफन्स चर्च उभं राहिलं, त्याच्या छताला टिपूच्या वाड्याच्या तुळया आहेत. म्हणजे एकाच फेरीत अवशेष आणि चर्च दोन्ही बघायची असतील तर उटीला मान वर करून उभं राहावं, दोन तिकिटं वाचतात.

उरलेल्या इमारतीसुद्धा इथे जागेवर राहतातच असं नाही. टिपूचं दारूगोळ्याचं एक कोठार रेल्वेच्या वाटेत येत होतं. २०१७ मध्ये ते अख्खं उचलून शंभरेक मीटर पलीकडे नेऊन ठेवलं. जुनं मार्गदर्शक पुस्तक घेऊन फिरणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

कर्नल बेलीची अंधारकोठडी थंडगार असते, म्हणून दुपारी घ्यावी. भिंतीतून दगडी फळ्या पुढे आल्या आहेत, त्यांना भोकं आहेत, साखळ्या अडकवायला. मध्ये एक तोफ पडली आहे. इंग्रजांच्या वेढ्यात ती छत फोडून आत कोसळली, आणि तिथून तिला कुणी हलवलं नाही. जिथे टिपूचा देह सापडला तिथे फक्त एक दगड आहे. ४ मे १७९९. लोक येतात, दगड बघतात, ‘एवढंच?’ म्हणून आणखी मोठं काही आहे का ते शोधायला निघून जातात. आम्हीही निघालो.

दरिया दौलत बाग १७८४ ची, सागवानी. आत शिरण्याआधी पश्चिमेच्या भिंतीपाशी थांबावं. तिथे पोल्लिलूरची, १७८० ची लढाई रंगवली आहे. शेकडो माणसं, घोडे, उडणारी मुंडकी. सगळं एकदम बघायला जाऊ नये, भोवळ येते. इंग्रजांच्या चौकोनात एक पालखी शोधावी. तिच्यात कर्नल बेली बसला आहे, बोट तोंडाशी धरून. ज्याची कोठडी तुम्ही मघाशी थंड म्हणून घेतली, तोच हा. १७८२ मध्ये तो इथेच कैदेत वारला. आणि गंमत म्हणजे श्रीरंगपट्टण जिंकल्यावर इंग्रजांचा वेलस्ली, म्हणजे पुढचा वॉटर्लूवाला वेलिंग्टन, याच वाड्यात राहायला आला. त्याने आपल्याच लोकांचा हा पराभव पुसला नाही.

आता मुख्य मसाला. कुठल्याही अवशेषांत मराठी माणसाला एकच प्रश्न पडतो : ‘आपले लोक इथे आले होते का?’ श्रीरंगपट्टणला उत्तर होकारार्थी आहे. मी मिरजेचा असल्याने हे उत्तर घरून पाठ करून गेलो होतो. पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. इंग्रजांच्या जोडीने घातलेला फेब्रुवारी १७९२ चा वेढा, मार्चमधला तह, टिपूचं अर्धं राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये, दोन मुलगे ओलीस. मी नदीकडे हात करून सांगत होतो, छाती सयाजीराव रस्त्यापासून फुगलेलीच होती. काका ऐकत होते. मग म्हणाले, ‘आणि शृंगेरीचं?’

इथे नवशिक्याने घड्याळाकडे पाहावं. मी पाहिलं, पण काकांनी सोडलं नाही. १७९१ मध्ये पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेची मूर्तीसुद्धा सोडली नाही. मूर्ती पुन्हा बसवायला पैसे आणि धान्य टिपूने पाठवलं. त्याची कन्नड पत्रं १९१६ मध्ये मठात सापडली. काकांनी हे आवाज न चढवता सांगितलं आणि टोपी नीट केली. आमच्याकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मुलानेही ‘आता काय?’ विचारलं नाही.

अशा वेळी डबा उघडावा. डबा उघडल्यावर मला मघाशी विसरलेली गोष्ट आठवली, आणि अंधारकोठडीपेक्षा तीच मला जवळची वाटते. मे १७९१. इंग्रजांचा सेनापती कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी आलेला, पण बैल मेलेले, तांदूळ संपलेला, माणसं उपाशी. त्याने आपल्याच मोठ्या तोफा फोडून टाकल्या आणि मागे फिरला. एवढ्यात घोडेस्वार दिसले. इंग्रजांना वाटलं टिपूचे, मारामारीची तयारी झाली. निघाले मराठे. उशिरा आले, पण बाजार घेऊन आले. छावणीच्या त्या बाजारात धान्यापासून शालींपर्यंत सगळं होतं, फक्त भाव आवाच्या सवा. उपाशी गोऱ्यांनी दिले. इतिहासकारांनी मराठ्यांना या उशिराबद्दल आणि त्या भावांबद्दल बोल लावले आहेत. पण फौज कुठेही जावो, खाण्याचं सामान आधी, हे आमच्या घरात आजही लागू आहे. बायकोने मिरजेहून आणलेला डबा बघून मावशी म्हणाली होती, ‘म्हैसूरला खायला मिळत नाही काय?’ तिला कॉर्नवॉलिसचं उदाहरण द्यायला हवं होतं.

शेवटचा थांबा गंजाम. श्रीरंगपट्टणच्याच बेटावर, लहान चर्च. फिलोमेनेच्या मनोऱ्यांनंतर ते घरातल्या देव्हाऱ्याएवढं वाटतं, म्हणून बहुतेक लोक इथे येत नाहीत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत देश सोडलेला आबे द्युब्वा नावाचा पादरी टिपूच्या पाडावानंतर या भागात आला; हे चर्च त्याच्याच नावाने ओळखतात. धोतर-पागोटं घालायचा, मांस सोडलेलं, लोक त्याला दोड्डस्वामी म्हणायचे. त्याने हिंदूंच्या चालीरीतींवर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि हस्तलिखित कंपनी सरकारला दोन हजार होनांना विकलं. १८०३-०४ मध्ये पंचवीस हजारांवर लोकांना देवीची लस टोचली. धर्मांतराचं काम मात्र जमत नाही, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं, आणि १८२३ मध्ये तो परत गेला.

ऊन उतरलं होतं. चर्चसमोरच्या झाडाखाली आम्ही जुनं वर्तमानपत्र पसरलं. रिक्षावाल्या अण्णाला बोलावलं, तो आधी नको म्हणाला, मग बसला. चकली उचलून त्याने विचारलं, ‘एष्टु?’

काका हसले. मी म्हटलं, भाव आता उतरलेत. मग डबा पुढे केला. त्याने आणखी दोन घेतल्या आणि चर्चच्या दाराकडे बघत विचारलं, आतले स्वामी हे खायचे का. मांस सोडलेलं होतं म्हणे, मी म्हणालो, तेव्हा खायला हरकत नसावी.