सुई ओली की सुकी?

घंटागाडीचा भोंगा ऐकू आला की आमच्या खानदेशातल्या कॉलन्यांना शिस्तीचा झटका येतो. काकू वांग्याची देठं ओल्यात टाकतात, दुधाच्या पिशव्या सुक्यात टाकतात आणि मग पदराआडची, गच्च गाठ मारलेली काळी कॅरीबॅग जो कप्पा जवळ असेल त्यात भिरकावतात. तिच्यात काकांच्या आठवडाभराच्या इन्सुलिनच्या सुया असतात. ‘भाऊ, हे कशात टाकू?’ असं विचारायचं तर आत काय आहे ते सांगावं लागणार. त्यापेक्षा गाठ पक्की मारलेली बरी.

शुगर आता घरोघरी आहे. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा आकडा 10 कोटी 10 लाखांवर गेला. आखाजीला पुरणपोळी आणि आमरस हाणायचा, वरून ‘दोन युनिट जास्त घेऊन टाका’ असा सल्ला द्यायचा, ही आमची घरगुती वैद्यकी. इन्सुलिनच्या बाटलीचे लाड तर विचारू नका. फ्रिजच्या दारात तिची जागा ठरलेली, आणि मे महिन्यात लाईट गेली की ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ तिची सोय. सुईचं मात्र काम झालं की ती परकी. रोज दोनदा टोचून घेणाऱ्याच्या वर्षाला सातशेच्या वर सुया होतात, अर्थात दर वेळी नवी घेतली तर. आपण तीच सुई बोथट होईस्तोवर चालवतो. कचरा कमी करण्यात तेवढाच आपला हातभार!

कायद्याला ही सुई माहीत नाही असं मात्र नाही. 28 मार्च 2016 रोजी केंद्राने जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम काढले. दवाखान्यातल्या सुईला पांढरा डबा मिळाला, तोही टोचून आरपार न जाणारा, न गळणारा आणि बारकोड लावलेला. त्याच नियमांच्या एका टिपेत आपल्या घरातल्या सुईचीही आठवण ठेवली होती: ती वेगळ्या डब्यात किंवा पिशवीत पालिकेच्या माणसाकडे द्यावी आणि पालिकेने प्रक्रिया केंद्राशी करार करून ती तिकडे पोचती करावी. बरोबर अकरा दिवसांनी, 8 एप्रिलला, केंद्रानेच घनकचऱ्याचे नियम काढले. त्यांत वापरलेल्या सुया-सिरिंजा ‘घरगुती घातक कचऱ्या’त गेल्या, रंगाचे डबे, फवारणीचे रिकामे कॅन आणि ट्यूबलाइट यांच्या पंगतीला. शिवाय दर 20 चौरस किलोमीटरला असा कचरा घेणारं एक केंद्र हवं आणि त्याची वेळ जाहीर व्हायला हवी, असंही लिहिलं. जळगाव शहर सुमारे 68 चौरस किलोमीटरचं, म्हणजे हिशेबाने चार केंद्रं. धुळेकरांनी आपला भागाकार आपण करावा. आता सांगा पाहू, तुमच्या जवळच्या केंद्राचा पत्ता काय आणि ते उघडतं कधी? भरीत पार्टी कुठे चांगली होते ते विचारलं असतं तर एव्हाना तीन पत्ते मिळाले असते.

दोन-दोन नियमांच्या मांडीवर वाढलेली ही सुई शेवटी टोचते कुणाला? गाडीत उभं राहून हाताने कचरा निवडणाऱ्या पोराला, किंवा डेपोवर प्लॅस्टिक वेचणाऱ्या बाईला. बोट चोखायचं, चिंधी बांधायची आणि पुढच्या घरासमोर भोंगा वाजवायचा. इन्सुलिनच्या सुईत रक्त नावालाच असतं, धोका त्या मानाने कमी, हे खरं. पण कॅरीबॅगेतून वर आलेलं टोक इन्सुलिनचं होतं की सलाइनचं, काकांचं होतं की शेजारच्या आजारी माणसाचं, हे त्या पोराला कोण सांगणार? हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जगतो. त्याने दूषित झालेली सुई लस न घेतलेल्या शंभर जणांना टोचली, तर सहा ते तीस जणांना लागण होऊ शकते. 2009 साली शेजारच्या गुजरातेत, मोडासा भागात, वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्या आणि याच काविळीने कित्येक माणसं नेली. टोचलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धरायचा. पिळायचं नाही, चोखायचं नाही, हळद लावून घरी बसायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू झाली तरच उपयोग.

गंमत अशी की हेच काका मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेले की सुतासारखे सरळ होतात. तिथे 1 सप्टेंबर 2008 पासून घरातली सुई कचऱ्यात टाकायलाच बंदी आहे. सहा महिने प्रत्येक सुई निमूटपणे लाल डब्यात जाते, आणि मुंबईला विमान टेकलं की हात आपोआप कॅरीबॅगेकडे वळतो.

तो लाल डबा इथेही फुकट मिळतो. फक्त आपण त्याला फिनाइलची रिकामी बाटली म्हणतो. जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची. पाण्याची पातळ बाटली चालणार नाही, तिच्यातून सुई सहज बाहेर येते. सिरिंजची सुई वाकवायची नाही, दोन्ही हातांनी टोपण लावायच्या भानगडीत पडायचं नाही, टोचून झाली की अख्खी बाटलीत. पेनची सुई तेवढी बाहेरचं मोठं टोपण लावून फिरवून काढायची. पाऊण बाटली भरली की झाकण घट्ट करून चिकटपट्टी लावायची आणि वर मार्करने ठळक मराठीत ‘सुया आहेत’ असं लिहायचं. नातू वाचू शकेल आणि हात पोचणार नाही, अशा जागी ठेवायची.

मग ही बाटली न्यायची कुठे? ज्या डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं, त्यांच्याकडे. त्यांच्याकडे पांढरा डबा आहे, तो न्यायला गाडीही येते. पुढच्या तपासणीला जाताना फाइलबरोबर बाटलीही पिशवीत घाला आणि विचारा. ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ असं उत्तर आलं तर वाद घालू नका. फी देताना, वेटिंगमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पुन्हा एकदा विचारा.