अजरामर स्थळ

वराने वधूपेक्षा वयाने थोडे मोठे असावे हा संकेत आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निष्ठेने पाळला असला, तरी अमेरिकेतील कुमारवयीनांसाठी निघणाऱ्या भुताखेतांच्या दूरचित्रवाणी मालिकांनी त्याचे जे पालन केले आहे ते पाहून एखाद्या कट्टर सनातन्यानेही संकोचाने मान खाली घालावी. कारण तेथे वधू शाळेत जाणारी असते आणि वर तिच्याहून किमान शे-दीडशे वर्षांनी ज्येष्ठ असतो. हे स्थळ दिसायला देखणे, बोलायला मोजके, वृत्तीने खिन्न, मिळकतीच्या बाबतीत संदिग्ध आणि वैद्यकीय दृष्ट्या मृत असते. त्याच्या पत्रिकेत मंगळ-शनीसारख्या किरकोळ अडचणी संभवत नाहीत. जन्मवेळेबरोबर मृत्यूची वेळही पक्की नोंदलेली असल्यामुळे ज्योतिषाला करण्यासारखे काही उरतच नाही.

या वर्गाचा सर्वांत सालंकृत नमुना म्हणजे एंजल हे गृहस्थ. जॉस व्हीडन यांच्या ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या मालिकेत १० मार्च १९९७ रोजी त्यांचे प्रथम दर्शन घडले. दप्तरी नोंद अशी: जन्म १७२७, मुक्काम गॉलवे, आयर्लंड; मूळ नाव लिअम; व्यवसाय मद्यपान आणि वडिलांशी भांडण. १७५३ साली डार्ला नामक रक्तपिपासू स्त्रीने एका अंधाऱ्या गल्लीत मानेला दात लावल्यापासून वय जे सव्विसाच्या घरात थबकले ते थबकलेच. त्यानंतरचे जवळजवळ दीड शतक त्यांनी युरोप खंडात केवळ नरसंहारात व्यतीत केले, आणि १८९८ साली रोमानियात एका रोमा टोळीतील मुलीचा जीव घेतल्यावर त्या टोळीने त्यांना अशी अपूर्व शिक्षा ठोठावली, की त्यांचा गेलेला आत्मा त्यांना परत करण्यात आला. केलेल्या प्रत्येक कृत्याची आठवण ठेवून अनंत काळ झुरत राहावे, एवढाच त्या शिक्षेचा आशय होता. झुरण्याची कला या गृहस्थांनी पुढे इतकी आत्मसात केली, की कॅलिफोर्नियातील सनीडेल या गावी ते येऊन राहिले तेव्हा झुरण्यावाचून दुसरा कोणताही उद्योग त्यांना दिसत नव्हता.

बफी समर्स ही त्या गावच्या शाळेतली विद्यार्थिनी. अशा पिशाचांचा निःपात करण्याची जबाबदारी, तिला न विचारता, विधिलिखिताने तिच्या अंगावर टाकलेली. सनीडेल नरकाच्या मुखावर वसलेले असल्याने कामाचा तुटवडा कधी पडला नाही. एंजल प्रथमतः तिला भेटत ते अंधारातून प्रकट होऊन, येऊ घातलेल्या संकटाची अर्धवट सूचना देऊन आणि उरलेले अर्धे सांगण्याच्या आतच अंतर्धान पावून. ज्याच्यापाशी अनंत काळ शिल्लक आहे त्याने एक वाक्य पूर्ण करण्याइतकीही सवड काढू नये, ही तक्रार त्या मुलीने फारशी केलेली दिसत नाही, याचे श्रेय त्यांच्या काळ्या पोशाखाला आणि केशरचनेला द्यावे लागेल. (आरशात प्रतिबिंब पडत नसताना ही केशरचना ते रोज कशी साधत, हा प्रश्न मला शापापेक्षाही गूढ वाटतो.) आहार म्हणजे खाटकाकडून आणलेले डुकराचे रक्त, त्या बाबतीत मात्र त्यांचे वर्तन एखाद्या पथ्यकर रुग्णाइतके आदर्श होते.

पहिल्याच भेटीत या गृहस्थांनी तिला एका डबीत घालून काय द्यावे, तर चांदीचा क्रूस. म्हणजे ज्या वस्तूच्या नुसत्या स्पर्शाने आपली कातडी जळते, नेमकी तीच. पुढे सातव्या भागात गावातील नाचगाण्याच्या जागी दोघांनी एकमेकांना भेटायचे नाही असे ठरविले, आणि ठरविल्यावर रिवाजाप्रमाणे चुंबन घेतले. ती शांतपणे निघून गेली, आणि कॅमेरा एंजलांच्या उघड्या छातीवर स्थिरावला, तेव्हा तेथे त्या क्रूसाचा ठसा भाजून उमटलेला होता. सगळा वेळ ते होरपळत होते आणि तोंडातून हूं की चूं काढले नव्हते. या प्रकारच्या प्रियकराचे संपूर्ण चरित्र त्या एका डागात आले आहे: सोसायचे, सोसताना देखणे दिसायचे, आणि सोसतो आहोत हे प्रेक्षकांना मात्र अचूक कळेल अशी व्यवस्था ठेवायची.

आता त्या शापाविषयी. त्या हुकूमनाम्याची रचना कायदेपंडितांनी एकवार अवश्य पाहावी अशी आहे. आरोपीने पश्चात्तापात जळावे म्हणून त्याला आत्मा दिला, येथवर ठीक. परंतु त्यात एक पोटकलम असे होते, की आरोपीला निमिषमात्र जरी निखळ सुख लाभले, तरी आत्म्याची तत्काळ जप्ती होऊन मूळचा नराधम पूर्ववत मोकळा सुटावा. म्हणजे अटीचा भंग आरोपीने करायचा, आणि दंड मात्र त्या वेळी गावात जो कोणी राहत असेल त्याने भरायचा. शिवाय या कलमाची नोटीस शंभर वर्षांत आरोपीवर कधीही बजावण्यात आली नव्हती. फिर्यादी पक्षाने पाळतीसाठी आपल्यातलीच एक तरुणी जेनी कॅलेंडर या नावाने सनीडेलच्या शाळेत संगणक शिकवायला पेरून ठेवली होती. पण या दोघांची ताटातूट कर, एवढा तोंडी हुकूम मिळालेल्या त्या बाईलाही मूळ कागद कोणी दाखविला नव्हता. सरकारी खात्यांचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना या मांत्रिकांची कार्यपद्धती मुळीच परकी वाटणार नाही. व्हायचे ते जानेवारी १९९८ मध्ये झाले: एंजल सुखी झाले, आत्मा गेला, आणि थोड्याच काळात, जिला कागद दाखविला नव्हता तीच बाई त्यांच्या हातून प्राणास मुकली.

खरे पाहता हे पोटकलम त्या टोळीने नव्हे, तर धारावाहिक लेखनाच्या धर्मानेच घातलेले होते. नायक-नायिका सुखी झाली की पुढच्या आठवड्याला दाखवायचे काय, हा पेच जगातल्या प्रत्येक मालिकेच्या लेखकापुढे असतो. इतरांना त्यासाठी खाष्ट सासू, स्मृतिभ्रंश किंवा जुळा भाऊ आणावा लागतो. येथे सुखबंदी एकदाच शापाच्या कागदावर चढवून ठेवल्यामुळे पुढच्या लेखकांची मोठीच सोय झाली.

मेहनतीची विभागणीही ध्यानात घेण्याजोगी आहे. १९ मे १९९८ रोजी दाखविलेल्या भागात आत्मा गमावलेल्या एंजलांनी अकाथला नावाच्या पाषाणरूप राक्षसाला जागे करून जगाचा घास घेणारे द्वार उघडले. ते बंद करायचे तर ज्याने उघडले त्याचेच रक्त सांडणे आवश्यक होते. एवढ्या अवधीत बफीचे शाळेतून नाव कमी झाले होते, घराबाहेर पाऊल टाकलेस तर परत येऊ नकोस असे आईने बजावले होते, आणि हातात तलवार घेऊन ती द्वंद्वाला उभी होती. नेमक्या त्या क्षणी इस्पितळातल्या खाटेवरून तिची मैत्रीण विलो हिचा मंत्र लागू पडला, आणि आत्मा घरी परतला. गृहस्थांना मधल्या काळातले काही आठवेना; ते भांबावून तिला बिलगले. तिने त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि तलवार छातीतून आरपार घातली. जग वाचवायचे तिने, शाळा आणि घर गमवायचे तिने, मारायचेही तिने, आणि या सर्वांत करुण कोण, तर ते!

त्या द्वारातून नरकात गेलेले एंजल अर्थातच परत आले. या स्थळाला नकार कायमचा कधी पोचत नाही. त्यांच्या पुनरागमनानंतर हिताचा सल्ला प्रथम कोणी दिला असेल, तर तो गावच्या महापौरांनी. हे विल्किन्स महाशय प्रत्यक्षात राक्षस होण्याच्या उद्योगात गुंतलेले शतायुषी खलपुरुष होते. पण ओलीस ठेवलेल्या विलोच्या अदलाबदलीचा व्यवहार चालू असताना त्यांनी मध्येच थांबून सांगितले, की आपणही १९०३ साली लग्न केले होते, आणि पत्नी म्हातारी होऊन आपल्या तारुण्याला शिव्याशाप देत वारली. संपूर्ण मालिकेत विवाहसंस्थेविषयी इतके पोक्त भाषण दुसऱ्या कोणी केल्याचे मला आठवत नाही. त्यानंतर बफीची आई जॉइस या वरमहाशयांच्या बंगल्यावर स्वतः जाऊन मुलीच्या भविष्याचा विचार करा असे सांगून आली. गृहस्थांनी विचार केला, आणि शाळेच्या निरोपाच्या नृत्याला थोडेच दिवस उरले असताना, गटारातून गस्त घालता घालता त्या मुलीला निरोप दिला. स्थळाची निवड शोचनीय होती. नृत्याच्या रात्री मात्र ते उंची पोशाख करून एका नाचापुरते हजर झाले, कारण सोडून जाणे आणि न जाणे या दोन्हींचे श्रेय एकाच आठवड्यात पदरात पाडून घेणे ही या वर्गाची खासियत आहे.

ते गेले ते लॉस एंजेलिसला, आणि ५ ऑक्टोबर १९९९ पासून त्यांच्या नावाची स्वतंत्र मालिका सुरू झाली. तेथे एका भागात एका राक्षसाच्या रक्तामुळे ते मनुष्य झाले, बफीबरोबर एक दिवस त्यांनी सुखाने काढला, आणि पुन्हा जनहितार्थ तो दिवसच काळाच्या वहीतून खोडून घेतला. आठवण फक्त स्वतःपाशी ठेवली. ती बिचारी आपला दिवस गेला कुठे हेही न कळता परतली. झुरण्यासाठी लागणारा कच्चा माल कोणाशीही वाटून घ्यायचा नाही, असा हा चोख व्यवहार होता.

२० मे २००३ रोजी मूळ मालिकेच्या अखेरच्या भागात ते तिला पुन्हा भेटले. मी अजून बिस्किटाचे कच्चे पीठ आहे, भाजून तयार व्हायला वर्षे लागतील, अशा अर्थाचे काहीसे तिने ऐकविले. त्यावर अंधारात शिरता शिरता गृहस्थ म्हणाले, की तसे माझे वय काही वाढत नाही. वाहिन्यांना मात्र अशी सवलत नव्हती. २००४ साली त्यांची मालिका आटोपली. ज्या दोन वाहिन्यांनी बफीला सात हंगाम सांभाळले होते त्या २००६ साली विसर्जित झाल्या आणि त्यांच्या जागी सीडब्ल्यू नावाची नवी वाहिनी उभी राहिली. तिने २००९ साली ‘द व्हॅम्पायर डायरीज’ मालिकेत रिक्त पदावर स्टेफन साल्वातोर यांची नेमणूक केली. जन्म एकोणिसाव्या शतकातला, मृत्यू १८६४, मुक्काम मिस्टिक फॉल्स, व्हर्जिनिया, वृत्ती खिन्न, रोजनिशी लिहिण्याची सवय. या नव्या उमेदवाराने मुलीच्याच शाळेत नाव घातले, आणि गावच्या जुन्या लढाईत किती माणसे पडली यावर इतिहासाच्या मास्तरांना भर वर्गात दुरुस्ती सुचविली.