जागं राहण्याची शिवी

"फार वोक होऊ नकोस."

आमच्या सोसायटीच्या लिफ्टपाशी गेल्या आठवड्यात हे कानावर आलं. दारावर नोटीस चिकटवलेली आहे: घरकाम करणाऱ्या बायका, डिलिव्हरीवाले आणि कुत्री यांच्यासाठी मागची लिफ्ट. तिघं एकाच ओळीत. त्या दिवशी मागची लिफ्ट बंद होती. पाचव्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगी स्वयंपाकाच्या मावशींना म्हणाली, "मावशी, या ना आत, जागा आहे." मावशींचे गुडघे दुखतात हे अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. आत उभ्या असलेल्या काकांनी मुलीला ते वाक्य सुनावलं. मावशींना त्यातला एकही परका शब्द कळायची गरज नव्हती, सूर पुरेसा होता. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेऊन त्या जिन्याकडे वळल्या.

मी काकांना विचारलं, "वोक म्हणजे काय हो?"

"तेच ते. फुरोगामी."

एका शिवीचा अर्थ दुसऱ्या शिवीत. मुलीचं म्हणणं मात्र साधं होतं: लिफ्टमध्ये जागा आहे, बाईंचे पाय दुखतात. त्याला काकांकडे उत्तर नव्हतं, म्हणून शब्द फेकला. या शब्दाचा आज सगळ्यात जास्त उपयोग हाच होतो, आणि मला त्याचा राग येतो. कारण तो मुळात जीव वाचवण्यासाठी जन्माला आलेला शब्द आहे.

पुस्तकी इंग्रजीत 'वोक' म्हणजे 'जागा झाला'. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत त्याचं विशेषण झालं: जागा, सावध. 'स्टे वोक' म्हणजे डोळा लागू देऊ नकोस.

का, ते अलाबामात बघा. २५ मार्च १९३१ रोजी एका मालगाडीतून नऊ कृष्णवर्णीय पोरांना उतरवून पकडलं. धाकटा जेमतेम तेरा वर्षांचा. दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याचा आरोप ठेवला. स्कॉट्सबरो गावात खटला उभा राहिला, ज्युरी सगळे गोरे, आणि पंधरवड्याच्या आत आठ जणांना फाशीची शिक्षा झाली. १९३३ मध्ये त्या दोघींपैकी एकीने कोर्टात उभं राहून सांगितलं की असं काही घडलंच नव्हतं. तरीही ज्युरीने पुन्हा दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९३२ आणि १९३५ अशा दोन वेळा शिक्षा रद्द केल्या, फाशी टळली, पण त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली. त्यांतल्या शेवटच्या तिघांना अलाबामाने माफी दिली ती २०१३ मध्ये, त्यांच्या मरणानंतर.

लेडबेली या गायकाने या पोरांवर गाणं केलं. १९३८ च्या ध्वनिमुद्रणात गाणं संपल्यावर तो बोलतो: तिकडून जाताना जपून असा, जागे राहा. 'वोक' हाच शब्द तो वापरतो. परगावी निघालेल्या पोराला घरातलं वडीलधारं माणूस रस्त्यातल्या धोक्याच्या जागा सांगतं, तसं. गाडीत डुलकी लागली आणि कोणी बोट दाखवलं तर काय होतं, हे ऐकणाऱ्यांना माहीत होतं.

पुढे १९६२ मध्ये विल्यम मेल्विन केली या तरुण कृष्णवर्णीय लेखकाने 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मासिक पुरवणीत लेख लिहिला. मथळ्यातच 'वोक' होता. विषय होता, कृष्णवर्णीयांच्या बोलीतले शब्द गोरे कसे उचलतात आणि मग मूळ बोलणारे ते शब्द कसे टाकून देतात. मथळ्यातल्या शब्दाची पुढे तीच गत झाली. २००८ मध्ये एरिका बादूच्या गाण्यातून तो नव्या पिढीच्या तोंडी आला. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसन शहरात अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण मायकल ब्राउन पोलिसाच्या गोळीने मेला आणि शब्द रस्त्यावरच्या निदर्शनांत घुमला. मग तो टी-शर्टवर छापला गेला, जाहिरातीत शिरला, ज्यांना कधी कसली भीतीच नव्हती त्यांनी तो बिल्ल्यासारखा छातीवर लावला. शब्द आधी पातळ केला तो या हौशी मित्रांनी. शत्रूंना पुढचं काम सोपं गेलं.

२०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशात हा अर्थ नोंदला गेला. पाचच वर्षांनी फ्लोरिडात 'स्टॉप वोक' नावाचा कायदा झाला. त्याच २०२२ च्या अखेरीस तिथल्या एका खटल्यात गव्हर्नरांच्या वकिलालाच विचारलं, वोक म्हणजे काय? त्याने दिलेलं उत्तर असं: अमेरिकी समाजाच्या रचनेतच अन्याय आहे आणि तो दूर केला पाहिजे, असं मानणं. शपथेवर बोलायची वेळ आली तेव्हा शिवी गळून पडली आणि एक सरळ मत उरलं. त्या मताशी वाद घाला ना! जरूर घाला. रचनेत दोष नाही, असलाच तर एवढाच आहे, उपाय चुकीचा आहे, असं काहीही म्हणा. पण म्हणा.

आपल्याकडे बहुतेकांच्या फोनवर हा शब्द उतरला तोच शिवी होऊन. लेडबेली नाही, स्कॉट्सबरो नाही, नुसता तिरस्कार. मराठीत तर त्याला चांगला शब्द तयार होता. गावगाड्यात रात्रीची राखण करणारा तो जागल्या. गाव झोपायचं ते त्याच्या भरवशावर. आज कार्यालयातला घोटाळा बाहेर काढणाऱ्यालाही आपली वर्तमानपत्रं जागल्याच म्हणतात, आणि ते मानाने म्हणतात. ती मुलगी त्या दिवशी जागी होती, एवढंच. चार माणसं लिफ्टमध्ये होती. मावशींचे गुडघे तिघांना दिसले नाहीत, आणि त्या तिघांत मी होतो.

मागची लिफ्ट आता सुरू झाली आहे. नोटीस जिथल्या तिथे आहे. रविवारी सोसायटीची सभा आहे, तिच्या विषयपत्रिकेत त्या मुलीने एक ओळ घालायला लावली आहे: नोटीस काढणे. सूचक म्हणून तिच्या वडिलांची सही आहे. अनुमोदक म्हणून माझी.