रा. रा. बिनविरोधराव यांस अनावृत पत्र

रा. रा. बिनविरोधराव यांस,
सा. न. वि. वि.

आपण यंदा पुन्हा आमच्या गावी यायचे मनावर घेतल्याचे कळले. देवळात बैठक ठरली आहे, सतरंज्या झटकून झाल्या, चहा सांगून झाला. कोणी अर्ज भरायचा आणि कोणी भरून मागे घ्यायचा, याची यादीही म्हणे तयार आहे. आमच्यासारख्या मतदारांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. एवढी सोय करणाऱ्या पाहुण्याचे आभार आधीच मानलेले बरे, म्हणून हे पत्र. एकदा आपण गादीवर बसलात की आमचे कोण ऐकतो?

आपला सगळ्यात मोठा उपकार म्हणजे आमच्या डोक्याचा ताण वाचतो. ग्रामपंचायतीला पक्षाची चिन्हे नसतात. कपबशीमागे कोण, शिट्टीमागे कोण, हे ज्याचे त्याने शोधायचे. त्यात एकेका प्रभागात दोन-तीन जागा, जागा तेवढी मते, आणि वर सरपंचाचे वेगळे मत. (हे सरपंचाचे थेट मत सरकारने 2017 मध्ये दिले, 2020 मध्ये काढून घेतले आणि 2022 मध्ये परत दिले. गेले तेव्हा गावात कोणी हळहळले नाही, आले तेव्हा पेढे वाटले नाहीत.) शिवाय उमेदवाराने आपली मालमत्ता, गुन्हे, शिक्षण लिहून द्यायचे. घरात शौचालय आहे का, पंचायतीची थकबाकी आहे का, 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झाले का, हेही सांगायचे. मतदाराने म्हणे हे कागद वाचून मत ठरवावे! आपण आलात की कागदांवरची धूळसुद्धा हलत नाही. जो येणार तो ठरलेलाच, मग त्याच्या नावावर गुन्हे किती आणि एकर किती, याची पंचाईत आपण कशाला करा?

पण खरी कमाल उमराण्याची. नाशिक जिल्ह्याच्या देवळा तालुक्यातले हे गाव कांद्याच्या बाजारासाठी नावाजलेले. तिथल्या लिलावात ट्रॅक्टर उभा राहिला की व्यापारी वरवर बघून बोली बोलत नाही. फाळका उघडतो, आतला कांदा ओढतो, मान दाबून पाहतो, पत्ती चोळतो, काजळी आहे का, जोड किती, गोल्टी किती, सगळे बघतो आणि मगच तोंड उघडतो. क्विंटलमागे पन्नास रुपये इकडेतिकडे झाले तरी शेतकरी ट्रॅक्टर वळवायची भाषा करतो. त्याच गावात 2021 च्या निवडणुकीआधी सरपंचपदाची बोली लागली आणि 2 कोटी 5 लाखांवर थांबली. पैसा देवळाच्या कामाला. इथे मात्र मान कोणी दाबायची आणि पत्ती कोणी चोळायची? बोलणाऱ्याचा खिसा बघितला की झाले. नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळीतही अशीच बोली झाली, आकडा 42 लाख. कायद्यापुढे मात्र ही हौस टिकली नाही. मतदान दोन दिवसांवर आले असताना, 13 जानेवारीला, राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांतली निवडणूक रद्द केली. त्या वर्षी मोठ्यातल्या मोठ्या ग्रामपंचायतीच्या उमेदवाराला प्रचारखर्चाची मर्यादा 50,000 रुपये होती. दोन कोटी हा प्रचारखर्च नव्हेच, ती तर भक्ती. भक्तीला मर्यादा कसली?

आपल्यावर लाचेचा आळ घेणारे कायदेपंडित आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. ते म्हणतात, मत देणे-न देणे हा जसा निवडणुकीतला हक्क, तसा उभे राहणे-न राहणे आणि माघार घेणे हाही हक्कच. त्यामुळे माघारीसाठी पैसे देणे-घेणे म्हणजे लाचच. पूर्वीच्या भारतीय दंड विधानात हे लिहिलेले होते आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही आहे. आता देवाच्या दारात बसून जो व्यवहार होतो त्याला लाच म्हणायची आमची जीभ कशी रेटेल?

आपले हातपाय गावापुरते राहिलेले नाहीत, याचा आम्हांस अभिमान आहे. 2024 मध्ये सुरतेला लोकसभेची जागा आपण घेतलीत. काहींचे अर्ज बाद, बाकीच्यांची माघार, आणि अख्ख्या मतदारसंघाच्या बोटाला शाई लागली नाही. गुजरातेत तर 2001 पासून आपल्यासाठी ‘समरस’ नावाची योजना आहे, बिनविरोध झालेल्या पंचायतीला सरकार बक्षीस देते. आमच्याकडेही काही आमदारांनी बिनविरोध गावांना निधी द्यायची घोषणा करून पाहिली. तो निधी आमच्याच कराचा. म्हणजे आमच्याच पैशाने आम्हांला गप्प बसायचे इनाम. हिशेब चोख आहे.

एक मात्र खरे सांगतो, आणि हे उपरोधाने नाही. तीनशे उंबऱ्याच्या गावात निवडणूक लागली की भावकी फुटते, बांधावरून बोलणे बंद होते, लग्नाची पत्रिका जात नाही. हे सोसलेली माणसे आपल्याला हात जोडून बोलावतात, ती काही लबाड नसतात. बायकांसह सगळे उघड्यावर बसले, कोण काय करणार हे विचारून झाले, हिशेब मांडून झाला आणि मग एका नावावर गाव राजी झाले, तर त्या दिवशी मी स्वतः आपल्याला हार घालीन. पण त्या 2021 च्या खेपेला आपण राज्यातल्या सुमारे 1,500 ग्रामपंचायतींत पायधूळ झाडलीत. त्यांपैकी किती ठिकाणी बायकांना बैठकीत सतरंजी मिळाली होती?

आपण आलात की ‘नोटा’चीही कटकट मिटते. 2018 मध्ये आमच्या राज्य निवडणूक आयोगाने ठरवले होते की, स्थानिक निवडणुकीत सगळ्यांत जास्त मते ‘वरीलपैकी कोणीही नाही’ला पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची. असल्या वात्रट बटणावर आपला उपाय जालीम. यंत्रच गावात येऊ द्यायचे नाही, मग बटण कुठले?

आणि पुढची पाच वर्षेही आपलीच. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते, त्याआधी महिलांची वेगळी सभा. गणपूर्ती किती, तर मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसे, यांत जे कमी असेल तेवढी. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरजच नाही. मग ग्रामपंचायत अधिकारी, शिपाई आणि पारावरची चार टाळकी मिळून गावाच्या पैशाचा आराखडा मंजूर करतात. ज्याला मत द्यावे लागले नाही, त्याला हिशेब तरी कोण विचारणार? नळाला पाणी नाही म्हणून कुरकुरणाऱ्याला एवढेच सुनवायचे, ‘तेव्हा तुम्ही कुठे विरोध केला होता?’

तरी एक छोटी विनंती. यंदा बोली सुटेल तेव्हा रकमेला मतदारसंख्येने भागावे आणि माझ्या वाट्याचा आकडा पावतीवर लिहून द्यावा. पावती देवस्थानची असली तरी चालेल. माझ्या मताची किंमत घरच्यांना दाखवायची आहे. बायको म्हणते, कांद्याची हिशेब पट्टी आपण दहा वेळा वाचतो, ही पट्टी एकदा तरी डोळ्यांखालून घालू.

कळावे, लोभ आहेच.
आपला,
एक टाळीवाला मतदार

ता. क. — प्रभागांच्या मतदार याद्या पंचायतीच्या भिंतीवर लागल्या आहेत. माझे नाव शेजारच्या प्रभागात गेले होते, हरकतीचा अर्ज देऊन पोच घेतली. थोरल्या सुनेचे नाव विधानसभेच्या यादीतच नाही, त्यामुळे ते या यादीतही येणार नाही. तिचा नावनोंदणीचा नमुना 6 भरून बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, दिला आहे, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. धाकटीने मात्र उमेदवारी अर्जाला काय काय लागते ते विचारून आणले आणि अनामत रक्कमही बाजूला काढून ठेवली. तिला बैठकीचे आमंत्रण नाही, म्हणून ती तहसील कचेरीत जाणार आहे. आपल्या स्वागताला घरातून मी एकटाच येऊ शकेन.