जांभळ्या उजेडाची भानगड

"काकू, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचार की. पण हातातला झाडू थांबवू नकोस, पुन्हा वारा सुटला तर सगळी पानं माझ्या अंगणात येतील."

"तुमच्या बेसमेंटमधून रात्री जांभळा उजेड दिसतो. समोरच्या बाईंनी तीनदा विचारलं, तुझी शेजारीण खाली पिकवते तरी काय?"

"अगंबाई! गांजा वाटला की काय तिला?"

"नाव नाही घेतलं, नुसते डोळे मिचकावले."

"तुळस आहे गं ती! आणि कढीपत्ता. तुळशीच्या लग्नाला ये म्हणावं, नवरीच दाखवते."

"माझी तुळस तर खिडकीतच असते. छान उंच झालीय."

"उंच नव्हे, लांबुडकी. दोन पानांमधलं अंतर बघ, पेरभर असायचं ते बोटभर झालं असेल. उजेडासाठी मान ताणतेय बिचारी. इथे अमेरिकेत, एडिसनला डिसेंबरात दिवस जेमतेम सव्वानऊ तासांचा. पुण्यात तेव्हाही ११ तासांचा असतो."

"पण खोली लख्ख दिसते हो."

"तुला दिसते, आपले डोळे सांभाळून घेतात. भर उन्हात लाखभर लक्स उजेड असतो, दिवाणखान्यात दिवे लावून दोन-तीनशे. त्यावर झाड कसं जगेल? म्हणून खाली झाडांसाठीचा दिवा लावलाय."

"पण जांभळाच का?"

"पानं लाल आणि निळा उजेड जास्त खातात, म्हणून त्यात तेवढेच दोन रंग. पांढरा फुल स्पेक्ट्रमही चालतो, उलट त्यात पानावरची कीड पटकन दिसते. मी मेली घाईत जांभळा घेऊन बसले!"

"आणि टांगायचा कुठे?"

"छताला नको. गेल्या वर्षी तेच केलं, संक्रांतीपर्यंत कढीपत्त्याची नुसती काडी उरली. छोट्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड पावपट होतो. आता वीतभर वर ठेवलाय. पानाशी हात धरून बघते, ऊब लागली की दिवा वर. टायमर १४ तासांचा, झाडालाही रात्र हवी ना. आणि पाणी कमी, माती वर कोरडी झाल्यावरच."

"बिल?"

"२० वॉटचा दिवा, महिन्याला साडेआठ युनिट. आमच्या ह्यांचा टीव्ही त्याहून जास्त खातो."

"मग मीही आणते एक. पांढरा."

"आण. आणि थांब, ही डहाळी घे, आज आमटीत घाल. समोरचीलाही दोन पानं दे, म्हणावं, माल घरचाच आहे!"